सहा नंबरचे अध्यक्ष

॥ मन्मथस्वामी प्रसन्न ॥

वडवणी, मंगळवार, ११ जानेवारी २०००

तीर्थरूप विरुपाक्षमामांना कावेरीचा शरणार्थ.

बसम्मामामींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आई तेवढी माझ्याशी बोलत नाही, पण ताटात वाढते, म्हणजे काळजीचं कारण नाही. दुसऱ्या कोणी तुमच्या कानावर घालायच्या आधी मीच लिहिते: तुम्ही शब्द टाकून विठ्ठलरावांच्या शाळेत मला कॉम्प्युटर शिकवायला लावलंत ना, ती नोकरी येत्या सोमवारी जाणार आहे. गेली की आईनं नांदूरघाटचं स्थळ तयारच ठेवलंय (मुलाचं खताचं दुकान आहे, आणि त्याला शिकलेली पण घरात बसणारी मुलगी हवी आहे). तरी मी माफी मागणार नाही. एवढं वाचून पाणी प्या, मग पुढचं वाचा.

झालं असं, की तेलगावच्या शाळेचं इंटरनेटवर पान निघालं हे कळल्यापासून विठ्ठलरावांना अन्न गोड लागेना. संस्थेचे अध्यक्ष ते, आणि मान तेलगावला! मला हुकूम सुटला. हे पान लिहायला फार अक्कल लागत नाही, मामा. साधा मजकूर लिहायचा आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी टोकदार कंसात खूण करायची, की हा मथळा, हा परिच्छेद, हे ठळक. तुकडा संपला की तीच खूण तिरकी रेघ देऊन पुन्हा करायची. (रेघ विसरलं की खालचं सगळं पान मथळा होऊन बसतं. आमच्या संस्थेत अशी माणसंही आहेत.) मथळ्याचे आकार सहा. एक नंबर सगळ्यांत मोठा, मग उतरत उतरत सहा नंबर म्हणजे निव्वळ मुंगी.

हेच मी कार्यकारिणीच्या बैठकीत समजावत होते. मथळ्याला एक ते सहा नंबर असतात, इथपर्यंत आले आणि उपाध्यक्ष अमरसिंहांनी हात वर करून चार नंबर मागितला. (हे विठ्ठलरावांचे चुलतभाऊ. बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, यावरून दोघं गावात दोन गणपती बसवतात.) विठ्ठलराव खवळले. "मंग आमाला सहा टाका. अध्यक्ष कोन हाय?" खजिनदारांनी पाच घेतला, सचिवांनी मुकाट तीन, मुख्याध्यापकांनी दोन. एक उरला, तो कोणी घेईना. तेवढ्यात कौशल्याबाई चहा घेऊन आल्या. मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं भाकरी थापतात, पण अजून कायम नाहीत. हजेरीपटावर त्यांचं नाव आजही पेन्सिलीनं लिहितात. अमरसिंह म्हणाले, "एक ह्या बाईला द्या की!" सगळे पोट धरून हसले. ठराव लिहिला, सह्या झाल्या. मी ठरावाबरहुकूम पान लिहिलं, ठरावातलं एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

रविवारी अख्खी कार्यकारिणी दोन जीपमध्ये कोंबून पान बघायला बीडच्या इंटरनेट कॅफेत गेली. पान उघडलं. वर कौशल्याबाई, रस्त्यापलीकडून दिसतील एवढ्या. विठ्ठलरावांनी आधी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली. "आमी कुटं हाय?" मी तळाशी बोट ठेवलं. "ह्ये? ह्ये आमी? कावून?" मी कारण सांगितलं. ते त्यांनी सोसलं असतं, पण शेजारी चार नंबरचे अमरसिंह लई मोठ्यानं हसले, आणि सगळा राग माझ्यावर निघाला. सोमवारपर्यंत बाईचं नाव काढा, आमाला एक द्या, न्हाई तर राजीनामा द्या.

मी म्हटलं, ठराव तुमचा, सह्या तुमच्या. बदलायचं तर नवा ठराव करा. नव्या ठरावावर अमरसिंहांची सही लागते आणि ते सही करायला तयार नाहीत. (मोठ्या भावापेक्षा दोन आकार मोठे! असा योग त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही.) आणि खरं सांगू? त्यांनी सही केली तरी मी नाव काढणार नाही. त्या पानाचा पासवर्ड माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाला देत नाही. बीडहून मी पानाची छापील प्रत आणली, ती कौशल्याबाईंनी पिठाच्या डब्यावर चिकटवली आहे. इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून मला विचारलं, ह्यातला 'कौ' कोनता? मला रडू आलं, मामा. मग राग आला. तो अजून उतरलेला नाही आणि मला तो उतरवायचाही नाही.

मामींना नमस्कार सांगा, आणि माझी बाजू घेणार असाल तर आईला निराळं पत्र घाला.

कोणत्याच नंबरात नसलेली तुमची भाची,
कावेरी

ता.क. "एक सगळ्यांत मोठा" हे वाक्य त्या बैठकीत चांगली दहा मिनिटं माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. हे आईला सांगू नका.

ता.क. सोमवारी पहिल्या एसटीनं या. विठ्ठलरावांची समजूत घालायला नव्हे, त्यांना मी बघून घेते. आत्ता कौशल्याबाई दारात येऊन गेल्या. म्हणाल्या, "म्याडम, माझं नाव काढून टाका. तुमची नोकरी ऱ्हाऊ द्या. मला काय, सवय हाय." मी सांगितलं, एकदा लिहिलं की ते कायमचं, काढताच येत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. तुम्ही बँकेत कॉम्प्युटरवर बसता, म्हणून त्या तुम्हाला विचारणार आहेत. काम एका मिनिटाचं आहे हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगा, की नाही निघत.