तुझ्या केसांतलं शिसं

आई, आज एका विद्यार्थिनीने विचारलं, की एकाच माणसाच्या केसांतल्या आणि नखांतल्या शिशाचा आकडा जुळला नाही तर काय समजायचं, आणि मला प्रयोगशाळेतच हसू फुटलं. तिला काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली, पण डोळ्यांसमोर तूच होतीस.

पीएचडीसाठी मला माणसांचे केस आणि नखं हवी होती, त्यांत जस्त, तांबं, शिसं किती ते मोजायला. गोरखी मोहल्ल्यातल्या आपल्या शेजारणी कैची बघूनच मागे सरल्या. "केस कुणाच्या हाती देत नाहीत गं, कुणी करणी केली म्हणजे?" माझं सगळं काम तिथेच अडलं असतं. तू पदर खोचून पाटावर बसलीस. "डरायचं काय त्यात? पहिले माझे काप. साठीत एक पांढरा नाही, आवळ्याच्या तेलाची करामत, बघून घ्या." मानेजवळची बट मी कापली, नखंही घेतली, आणि तुझ्यामागोमाग सगळ्या बसल्या. त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला.

मग तुझ्या केसांत शिसं निघालं, भरमसाट. मी तीनदा मोजलं. शिसं म्हणजे विष. घरातली कल्हईची भांडी, हळद, नळाचं पाणी, सगळं तपासायला नेलं. "वेड लागलंय हिला," तू म्हणालीस. कशातच काही नाही. शेवटी तुझी नखं मोजली, तर ती अगदी स्वच्छ. म्हणजे शिसं अंगात नव्हतंच, वरून लागलं होतं. न्हाणीघरात शिकेकाईच्या डब्यामागे टोपी बाजारातली कलपाची बाटली सापडली आणि मी तिथेच बसून हसले, थोडी रडलेही. इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नाही.

तुला मी काहीच विचारलं नाही. प्रबंधातून तुझा आकडा गाळला. आता तू नाहीस, हे पत्र तरी कुठे पाठवणार, त्या प्रबंधाच्या प्रतीतच ठेवीन. कबूल एवढंच करायचंय, की तो कलप मी मोरीत ओतला आणि शिसं नसलेला, स्वतः तपासलेला रंग त्या बाटलीत भरून ठेवला. पुढेही भरत राहिले. तो जरा फिका चढायचा. एकदा महाराज बाड्याच्या चौकात तू तेलवाल्याला चारचौघांत सुनावलंस, "भैया, तुम्हारे आंवले के तेल में अब वो दम नहीं रहा." तो बिचारा शपथा घेत होता, आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होते.