दोन बोटं कापलेली खुर्ची

ता. ४ जुलै

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा घसा कसा आहे? खोलीतल्या मैत्रिणीचा मुरगळलेला पाय टेकतो का आता? तुमच्या त्या सारख्या शिंकणाऱ्या सरांना बरं वाटलं का? इकडे तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, काकू ठणठणीत आणि माझा खोकला आहे तिथेच मुक्कामाला. डॉक्टर म्हणतात, पुस्तकांची धूळ सोडा. मी म्हटलं, पुतणी ग्रंथपालाची पदवी घेऊन आली की धुळीसकट वाचनालय तिच्या हवाली करतो. समितीलाही तसाच शब्द दिलाय. नव्या नियमाने त्यांना वरची पदवी असलेला माणूस हवाय. माझ्यासारखा पाहून पाहून शिकलेला एकतीस वर्षांनी चालेनासा झाला.

काल एक गृहस्थ शेजाऱ्यासाठी केसगळतीवरचं पुस्तक मागत होते. टोपी कानापर्यंत ओढलेली! मी पुस्तक दिलं आणि म्हटलं, शेजाऱ्यांना सांगा, पंधरा दिवसांत परत करायचं.

आणि हो, सुताराकडून माझ्या खुर्चीचे पाय दोन बोटं कापून घेतले. तुझे पाय जमिनीला टेकायला हवेत ना! तूर्त माझे गुडघे हनुवटीशी येतात. काकू मला बेडूक म्हणते. सहा महिन्यांचा तर प्रश्न!

काकाला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझा,
काका

ता. १९ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

घसा बरा आहे. मैत्रीण लंगडत का होईना, जिने चढते. सर अजून शिंकतात, आम्ही मोजतो. तुमचा खोकला मात्र ऐकायला आल्यासारखा वाटतो. औषध घेता ना?

वर्गीकरण आता हाताला बसलंय. प्रात्यक्षिकासाठी मला एका इस्पितळाच्या ग्रंथालयात पाठवलंय. परवा एक बाई चित्रांचं पुस्तक मागायला आल्या. कोणतंही चालेल म्हणाल्या. चार प्रश्न विचारल्यावर कळलं, मुलीचं ऑपरेशन आहे आणि ते तिला सांगायचं कसं, तेच त्यांना समजत नव्हतं. वाचकाला नेमकं काय हवंय ते काढून घेणं, यावर सरांनी आम्हाला दोन आठवडे शिकवलं. तुम्ही ते चष्मा नाकावर सरकवून करता. इथल्या मुख्य ग्रंथपाल बाई मला म्हणाल्या, पदवीनंतर इथेच राहा.

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे. घरच्या मोठ्यांनी तिच्यासाठी एक जागा राखून ठेवलीय, तीही इतक्या मायेने की नाही म्हणायला तिचं तोंड उघडत नाही. तिच्यासाठी एखादं पुस्तक असेल का वाचनालयात?

खुर्चीबद्दल वाचून खूप हसले. मग हसू आलं नाही.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नका.
तुमची,
खारूताई

ता. २९ जुलै

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीसाठी सगळी कपाटं धुंडाळली. तिसऱ्या कपाटाशी टोपीवाले गृहस्थ आठवले आणि मी शिडीवरच बसून राहिलो.

खोटं कशाला सांगू, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. काकूला म्हटलं, पोरगी परकी झाली. ती म्हणाली, खुर्ची कापण्याआधी पोरीला विचारलं होतंत का? एकतीस वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येकाला काय हवंय ते विचारलं. घरातलीच एक राहून गेली.

समितीकडे जाऊन शब्द परत मागितला. अध्यक्ष म्हणाले, मग दुसरं कुणी मिळेपर्यंत तुम्हीच बसा. तुझं नाव निघण्याआधी त्यांनी दोनदा जाहिरात दिली होती, अर्ज एकही आला नव्हता. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. वाचनालयाला कुलूप लागण्यापेक्षा खोकला परवडला. आणि मी अडकलोय तो माझ्या शब्दात. त्यात तू अडकायचं कारण नाही. इस्पितळातल्या बाईंना हो म्हणून टाक. ती चित्रांच्या पुस्तकाची हकिगत मी काकूला दोनदा वाचून दाखवली.

सुताराने कापलेल्या पायांखाली चार ठोकळे ठोकून दिले. खुर्ची जरा डुगडुगते, पण गुडघे सरळ झाले.

मैत्रिणीला सांग, पुस्तक सापडलं नाही. आणि उत्तर लवकर धाड. या खेपेस मात्र स्वतःबद्दल लिही.

तुझा,
काका