लाल गाडीची आगोट

अब्बा, गाडी कोंडू नये. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं, आणि आता तुम्ही मातीखाली, मी इथे, म्हणजे सांगून काही होणार नाही. तरी लिहिते. परवा ह्यांनी गाडी धुतली आणि ओलीच प्लास्टिकमध्ये गुंडाळायला लागले. मी प्लास्टिक हातातून ओढून घेतलं. म्हणाले, तुला गाडीतलं काय कळतं? चौथीत शाळा सुटलेल्या बाईला काय कळणार. पण बुरशीचा वास मला कळतो.

नव्वदीनंतरची ती सालं. आपण दोघं आखातात एकाच अरबाबाच्या, म्हणजे अरबी मालकाच्या, व्हिसावर होतो. तुम्ही त्याच्या गॅरेजात गाड्यांच्या सीटा शिवायचात, मी सनदला त्याच्या घरी बायकांचे कपडे शिवायचे, आणि संध्याकाळी माहूजच्या त्या खोलीत येऊन भाकऱ्या थापायचे. सुट्टीत रत्नागिरीला नेऊन तुम्ही माझं लग्न लावलंत आणि सुट्टी संपली तशी परत घेऊन आलात. नवरा तिकडेच राहिला. त्याला इकडे आणायचं तर व्हिसा अरबाबच देणार, दुसरं कोण देणार? तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, आधी माझी लाल गाडी गप्प कर.

ती गाडी म्हणजे दोन दारांची, बुटकी, जुनी, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली की घरातल्या बायका कानांवर हात ठेवायच्या. थंडी पडली की अरबाब जीप घेऊन वाळवंटात तंबू ठोकायला जायचा, महिनेच्या महिने. वाळूत बुटक्या गाडीचं काय काम? तेवढ्या काळात ती सनदच्या शेडमध्ये ठेवायची, आतून आवाज बंद करायचा, आणि तो परतला की गाडी द्यायची, व्हिसा घ्यायचा. असं ठरलं. ठरलं म्हणजे तो इंशाल्ला म्हणाला.

तुम्ही मन लावून काम केलंत, हे मी आजही म्हणते. सीटा काढल्या, तळाला डांबरी शीट चिकटवली, वर लोकरीचा जाड नमदा, आणि नमद्यावर आपल्याकडच्या गादीसारखा काथ्याचा थर. दारांच्या पोकळीतही काथ्या भरला. गॅरेजातला मलबारी म्हणाला, चाचा, हे काय नारळाचं घर बांधताय? तुम्ही म्हणालात, नारळ पडतो तेव्हा आतल्या पाण्याचा आवाज येतो का तुला? कार्पेटच्या कडा मी शिवत होते. सुई नमद्यात अडकायची, मी वैतागायचे, आणि तुम्ही सुईला लावायला मेणाचा तुकडा पुढे करायचात.

मग तुम्ही गाडीची आगोट केलीत. पावसाआधी आपण घर शाकारतो, पडवीला झापं बांधतो, लाकडं झाकतो, तशी. आयुष्यभर रत्नागिरीचा पाऊस बघितलेला माणूस, वस्तू झाकली की टिकते एवढंच जाणणार. गाडी धुतली, पुसली, ठोकळ्यांवर चढवली, काचा घट्ट लावल्या आणि जाड प्लास्टिक घालून खालपर्यंत सुतळीने अशी बांधली की मुंगी आत जायची नाही. पण इथलं पाणी वरून पडत नाही अब्बा. ते हवेतच असतं, समुद्रावरून येतं, सकाळी भिंतींना घाम फुटलेला असतो. ते तुम्ही आतच बांधून टाकलंत, काथ्याला प्यायला.

थंडी सरत आली तेव्हा आपण सुतळी कापली. दार उघडलं आणि मी मागे सरले. कार्पेटवर हिरवी-पांढरी लव उठली होती. मी शिवलेल्या कडेला हात लावला तर दोरा तुटून आला. तुम्ही काथ्या उचललात, त्याखाली तळाला गंज. तो तुमच्या बोटांना लागला.

मी लगेच सांगितलं, शेड गळते म्हणून सांगा. थंडीत एकदा पाऊस झालाच होता, त्याच्यावर ढकला. कोण बघायला जातंय? तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "शेड त्याची हाय गो. त्याला ठाव हाय ती गळत नाय."

"मग माझ्या नवऱ्याचं काय?"

"तो कुठं पळतोय?"

मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेल, नसेल तर बरं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गॅरेजच्या पिकअपमधून त्याच्या तंबूपर्यंत गेलात. परत येऊन सांगितलंत ते एवढंच, की त्याने आधी चहा पाजला. मग विचारलं, बंद गाडीत पाणी कसं शिरलं? तुम्ही म्हणालात, शिरलं नाही, मी कोंडलं. तो हसला. आणि हसून म्हणाला, "रफीक, पहले गाडी. व्हिसा बाद में. खलास."

'बाद में' म्हणजे पुढचा हिवाळा. सगळं उपसलंत, तळ घासलात, उन्हात सुकवलात, लाल रंग मारलात, आणि पुन्हा नमदा, या वेळी काथ्या नाही, प्लास्टिक नाही, काचा बोटभर उघड्या. ह्यांचा व्हिसा आला तेव्हा लग्नाला दुसरं वर्ष लागून गेलं होतं. ते वर्ष मी तुम्हाला सुखाने जेवू दिलं नाही. मासा पानात टाकायचे तोही आपटून. तुम्ही काटे काढत म्हणायचात, हळू गो बाय, मेलेला हाय तो.

सासरी, माहेरी, इथल्या बायकांत, मी आजवर एकच सांगत आले की अब्बांच्या प्लास्टिकने माझं एक वर्ष खाल्लं. ह्यांनाही तेच ठाऊक आहे. हे पत्र त्यांच्या हाती लागू नये म्हणून पिठाच्या डब्यात टाकणार आहे, पीठ संपलं की फाडेन. तुम्हाला मात्र सांगून टाकते. लग्नानंतर त्या माणसाला मी धड ओळखतही नव्हते. मला सगळ्याचीच घाई असते, तुम्ही जाणता. त्याच्या येण्याची मात्र नव्हती.