ताऱ्याच्या गावचं पाणी

लातूर, कार्तिक शु. ८, शके १८६२

ती. बाबांच्या चरणी सिंधुचा शि. सा. न. वि. वि.

मी आता उठून घरात हिंडते, काळजी नसावी. याही खेपेस दिवस पुरे गेले नाहीत. पुन्हा मुलाची आशा धरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. शिरा मात्र रोज करतात.

इकडच्या स्वारीचं शाळेत ग्रहतारे शिकवणं चाललंय. प्रत्येक तारा एक सूर्यच, त्याच्याभोवतीही एखादी पृथ्वी फिरत असेल, असं घरी सांगणं झालं. तिथं जाता आलं तर कसं वाटेल, हे मी विचारलं. तर म्हणणं पडलं, तुझ्या बाबांना विचार, ते पहाटे आकाशाकडेच बघत असतात. म्हणून विचारते.

आपली, सिंधु


नांदेड, कार्तिक व. १

चि. सौ. सिंधुस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी आई देवापुढे बसून राहिली. मी नदीवर गेलो. तुझ्या प्रश्नाची सोबत झाली.

तिथं दोन सूर्य असले तर अर्घ्य आधी कोणाला? जो आधी उगवेल त्याला. दुसऱ्याला, रुसू नकोस म्हणून नमस्कार. चंद्र नसला तर एकादशी कशी धरायची, हे कळेना. तुझी आई म्हणाली, तेवढीच बायकांना भगरीतून सुटका. संकल्पाला मात्र अडलो. इथं आपण गोदावरीचा उत्तर तीर म्हणतो. तिथून देवाला कुठला पत्ता सांगायचा? मग ठरवलं, तिथली नदी शोधावी, ओंजळभर पाणी प्यावं आणि कुणाला तरी तिचं नाव विचारावं. पण एकटं वाटेल, बाळ. आपला सूर्य तिथून कणीएवढा दिसेल, आणि तुम्ही सगळे त्या कणीपाशी.

तबियत जप.

रेणुकादास


लातूर, कार्तिक व. ९

ती. बाबांस शि. सा. न.

पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, व्याही परक्या ताऱ्यावरचं पाणी खुशाल प्याले, माझ्या घरचं अजून नाही. रागानं नाही म्हणाल्या.

नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत मला ठाऊक आहे. तुम्ही दोनदा आलात, ओसरीवर बसलात आणि जेवायला तुमचे स्नेही दत्तोपंत यांच्या घरी गेलात. मी मनात म्हणायची, पुढच्या वेळी जेवतील. आता तशी पुढची वेळ नाही. तुम्ही माझ्या हातचं कधीच जेवणार नाही का, एवढंच लिहा. नाही लिहिलंत तरी रुसणार नाही, फक्त वाट बघणं सोडेन.

सिंधु


नांदेड, मार्गशीर्ष शु. ४

चि. सौ. सिंधुस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. ही रीत माझ्या वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली. मोडायची तर देवाला विचारून, म्हणून रोज बसत होतो. आज उठताना मनात आलं, बापाचा भार लेकीच्या घरावर पडू नये म्हणून ही रीत असेल; आणि मी तर तुझ्यावर केवढा भार टाकून बसलो आहे.

सोमवारच्या मोटारीनं येतो. तुझी आईही येते. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं बोचकं बांधलं, म्हणाली, मी कधीची तयार आहे, तुमचंच अडलं होतं.

जेवायला साधं कर. पहिलं पाणी मात्र सासूबाईंच्या हातून पाठव. तुझ्या हातून घेतलं तर मला ते गिळवेल, याचा भरवसा नाही.

बाकीचा लोभ समक्ष.

रेणुकादास