साडूचा खंजीर

४ ऑगस्ट, रविवार
साडूने खंजीर घेतला. ब्राँझचा, तीन हजार वर्षांपूर्वीचा! मी अर्धं आयुष्य जुनी हत्यारं गोळा करण्यात घालवलं — जमलं काय, तर बाणांची चार टोकं आणि एक मोडकी मूठ. याला परवापर्यंत पितळ आणि ब्राँझमधला फरक कळत नव्हता. "दादा, या ना बघायला." आवाजात नुसता आनंद. जळफळाट झाला माझा.

११ ऑगस्ट
गेलो. न जाऊन करतो काय!
लांबट पानासारखं पातं, मधोमध शीर, मूठ अखंड. हातात घेतला तो ठेववेना. घरी येऊन बायकोला म्हटलं, नकली असणार. "नकली असावा असं वाटतंय तुम्हाला," ती म्हणाली. विषय बदलला.

१८ ऑगस्ट
भिंग घेऊन पुन्हा गेलो. खराच आहे. जेवण गेलं नाही.

२५ ऑगस्ट
मुठीजवळ फिकट हिरवी भुकटी दिसली. बोटाला लागली. ओल धरली की ब्राँझला हा रोग जडतो, पातं आतून पोखरत जातो. आणि याचं कपाट नेमकं न्हाणीघराच्या भिंतीला लागून.
बोललो नाही. चहा प्यालो, निघालो. येताना चक्क शीळ घालत होतो.

१ सप्टेंबर
डाग वाढलाय. गप्प बसलो.

३ सप्टेंबर
आज शीळबीळ काही नाही. पातं डोळ्यांपुढून हलत नाही. साडूचं जाऊ दे, त्या खंजिराने माझं काय वाकडं केलंय?

८ सप्टेंबर
सांगून टाकलं. "कोरड्या डब्यात ठेवायला हवा, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून. माझ्याकडे द्या, मी बघतो." मनात वेगळंच — एकदा हाती आला की परत कोण देतोय!
त्याने लगेच टॉवेलात गुंडाळून दिला. कपाळावर साधी आठी नाही. त्याचाही राग आला.

१५ सप्टेंबर
'बरा व्हायला वर्ष तरी लागेल' — वाक्य घोळवत साडूकडे गेलो. दार उघडून बघतच राहिला. "म्हटलं, खंजीर तिकडे गेला, आता दादा कशाला येतील? तुमची मेहुणी गेली आणि तुमचं येणंच तुटलं. तुम्ही याल म्हणून तर घेतला होता तो."
"पुढच्या रविवारी डब्यासकट घेऊन येतो," म्हणालो.