लछमनकाकांचा हात

रविवार, संध्याकाळ. अंबरनाथ.

माझ्या संग्रहातला सर्वांत जुना लॅपटॉप घेऊन आज उल्हासनगरला गेले. चार्जिंगची पिन सैल झाली होती. माझी सगळी जुनी मशीनं वर्षानुवर्षं लछमनकाकाच दुरुस्त करतात. पण आज सोल्डरिंगचा टाका घालताना त्यांचा हात थरथरला आणि बोर्डवरची एक बारीक पट्टी जळाली.

थरथर मला दिवाळीपासून दिसत होती. तरी मशीनं नेत राहिले. नेणं थांबवलं असतं तर त्यांना कळलं असतं ना?

"बोर्ड आधीच खराब होता, काका," मी पटकन म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "झूठ मत बोल, बेटी. हाथ अब नहीं चलता." मग उठून मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. "टांका तू लगा. मैं बताता हूँ."

तोच हात माझ्या खांद्यावर ठेवून त्यांनी तासभर मला शिकवलं. जळालेल्या पट्टीच्या जागी मी बारीक तार जोडली. टाका ओबडधोबड झाला, पण चार्जिंगचा दिवा लागला.

काकांनी शाबासकी दिली नाही. निघताना एवढंच म्हणाले, "अगले इतवार जल्दी आना. दो मशीनें पड़ी हैं, मुझसे नहीं हुईं."