बाबांचा हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. राजापेठ, घरी.

आज अकोल्याला वृद्धाश्रमात बाबांची उशी झटकली, तर खोळीतून गोळ्या पडल्या. बीपीच्या. अकरा.

तिथलं सगळ्यांना गोळ्या देणारं यंत्र मीच जोडलं. कॉलेजची पायरी न चढता शिकलो, पण काम चोख. बाबांसाठी आवाजही माझाच भरला : ‘बाबा, गोळी घ्या.’ घेतली की त्यांनी बटण दाबायचं, की यंत्र माझ्याच आवाजात ‘शाब्बास’ म्हणणार आणि माझ्या मोबाइलवर हिरवा दिवा. एकही दिवस दिवा चुकला नाही.

“बाबा, असं काहून केलं?”

“घशात अडकते रे. तू गुळात कुटून देत होता. त्या यंत्राले काय, बटण दाबलं की शाब्बास म्हणते.”

वेळ सेकंदावर बसवली, आणि गूळ कसा विसरलो? बाबा घरी होते तेव्हा रोज मीच तर कुटायचो.

आयाबाईंना कुटून द्यायला सांगितलं. “भाऊ, तुमचं यंत्र आलं तवा आमच्यातल्या दोघींले काढलं. आता चाळीस म्हाताऱ्यांले मी एकटी. कुटू कवा?”

उद्या खलबत्ता घेऊन जातो. आणि परवा?

आत्ता आठ वाजले. हिरवा दिवा आला. तिकडे माझ्याच आवाजात बाबांना शाब्बासकी मिळाली असेल.